झोपेत कुत्रा कुठे धावतो?

कुत्रा पाळलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. दुपारची जेवणं आटोपलेली असतात, मोती पंख्याखाली अंग टाकून झोपलेला असतो आणि एकाएकी त्याचे पाय हलू लागतात. तोंड मिटलेलंच, पण आतून ‘वुफ्, वुफ्’ असा दबका आवाज येतो. पाठोपाठ बारीक कुईंकुईं. घरातलं पोर विचारतं, “त्याला स्वप्न पडलंय का गं?” आजी म्हणते, “उठवा रे त्याला, घाबरलाय बिचारा.” वडील जवळ येऊन निरखून बघतात आणि म्हणतात, “फिट तर आली नाही ना?”

तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती समजून घ्यायची तर आधी झोप म्हणजे काय, मग झोपेत शरीर गप्प का राहतं, मग ते मधूनच का हलतं, अशा क्रमाने जावं लागेल.

१. आधी नीट पाहू या

कुत्रा झोपला की लगेच पाय मारत नाही. आधी तो जागच्या जागी एक-दोन गिरक्या घेतो, अंग मुडपून बसतो, हनुवटी पंजांवर टेकवतो. डोळे मिटतात, पण कान जागे असतात. फाटकाची कडी वाजली की एक कान त्या दिशेला वळतो. ही झाली डुलकी.

मग श्वास संथ आणि लांब होतो. पोट वर-खाली होताना आपण सहज मोजू शकू, इतक्या सारख्या लयीत तो चालतो. या झोपेत स्नायू सैलावतात, तरी त्यांच्यात थोडा ताण शिल्लक असतो, म्हणून डोकं पंजांवर सावरलेलं राहू शकतं.

बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांनी सगळं बदलतं. मान लुळी पडते आणि कुत्रा कुशीवर कलंडतो. एकसारखा चाललेला श्वास मध्येच उथळ होतो, मध्येच अडखळतो. पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे सरकताना दिसतात. मिशा थरथरतात, नाकपुड्या फुलतात, ओठाचा कोपरा उचलला जाऊन क्षणभर सुळा दिसतो. पंजांची बोटं आखडतात आणि सुटतात. मग पाय हलतात, शेपटीचं टोक फरशीवर दोनदा आपटतं आणि तो दबका आवाज येतो. काही सेकंदांत सगळं शांत होतं. थोड्या वेळाने पुन्हा एक झटका, पुन्हा शांतता.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. झोपेतलं हे भुंकणं सहसा डुलकीत येत नाही. मान लुळी पडली, श्वास बेताल झाला आणि डोळे फिरू लागले की ते येतं. म्हणजे या तीन खुणा आणि तो आवाज एकाच गोष्टीशी बांधलेले आहेत. ती गोष्ट कोणती?

२. झोप एक नव्हे, दोन

जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशी विभागणी आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी केली आहे. झोपेचे खरोखरच निरनिराळे प्रकार असतात, याचा प्रयोगशाळेतला पुरावा मात्र 1953 साली मिळाला. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी नथॅनिएल क्लाइटमन यांच्या मार्गदर्शनाखाली झोपेचा अभ्यास करत होता. झोपलेल्यांच्या डोळ्यांजवळ आणि डोक्यावर विजेचे सूक्ष्म संकेत टिपणारी बटणं चिकटवायची आणि रात्रभर नोंद घ्यायची, हे त्याचं काम. त्यासाठी त्याने स्वतःच्या लहान मुलालाही झोपवलं. झोपेत मध्येच काही मिनिटं डोळे झरझर फिरतात, हे त्या नोंदींत स्पष्ट दिसलं. अशा वेळी उठवलेली बहुतेक माणसं स्वप्न सांगत. डोळे स्थिर असताना उठवलेल्यांना सहसा काही सांगता येत नसे.

या झोपेला ‘रेम’ झोप हे नाव पडलं. इंग्रजीतल्या ‘डोळ्यांची जलद हालचाल’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते आलं आहे. उरलेल्या शांत झोपेला आपण इथे ‘संथ झोप’ म्हणू, कारण तिच्यात मेंदूच्या विद्युतलहरी मोठ्या आणि सावकाश असतात. रेम झोपेत त्याच लहरी लहान, जलद आणि विस्कळीत होतात. नुसत्या त्या लहरी पाहिल्या तर माणूस जागाच आहे असं वाटावं, इतक्या त्या जागेपणीच्या लहरींसारख्या असतात. संथ झोपेतही स्वप्नं पडतात, पण लांबलचक, घटनांनी भरलेली स्वप्नं प्रामुख्याने रेम झोपेतली.

1958 साली विल्यम डिमेंट यांनी मांजरातही ही झोप असते हे दाखवलं. पुढे कुत्र्यासह बहुतेक सस्तन प्राण्यांत ती सापडली. लुळी मान, बेताल श्वास, फिरणारी बुबुळं या खुणा नेमक्या रेम झोपेच्या आहेत. मोती पंख्याखाली पाय हलवत असतो तेव्हा त्याचा मेंदू, माणूस स्वप्न पाहताना ज्या अवस्थेत असतो, त्याच अवस्थेत असतो. ही पहिली पायरी पक्की झाली.

३. मेंदू धावतो, मग पाय का धावत नाहीत?

रेम झोपेत मेंदू जागेपणीइतकाच कामात असेल, तर कुत्र्याने उठून खरोखर धावायला हवं. तो नुसते पंजे हलवतो, कारण मेंदूच्या तळाशी एक चोख बंदोबस्त असतो.

मोटारसायकल सुरू आहे, गिअर पडलेला आहे आणि तुम्ही क्लच पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर पिळलात, तर काय होईल? इंजिन गरजेल, पण चाक फिरणार नाही. रेम झोपेत असंच होतं. मेंदू म्हणजे इंजिन आणि स्नायू म्हणजे चाक. मेंदू पाठीच्या कण्याला जिथे जोडलेला असतो, त्या देठासारख्या भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. रेम झोप सुरू झाली की तिथल्या काही पेशी कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींना गप्प करतात. ग्लायसीन आणि गाबा ही रसायनं हे काम करतात. डोळे फिरवणारे स्नायू आणि श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, यांना मात्र त्यातून सूट मिळते. म्हणून बुबुळं फिरत राहतात आणि श्वास चालू राहतो.

आता क्लच थोडासा सुटला तर? गाडी हिसका मारते. मेंदूकडून येणारा एखादा जोरकस संकेत हा बंदोबस्त क्षणभर ओलांडतो आणि एखादा स्नायू झटका देऊन पुन्हा सैल पडतो. पंज्याची बोटं, मिशा, ओठ, शेपटीचं टोक इथे ते पटकन दिसतं. स्वरयंत्राच्या स्नायूंना असा झटका बसला आणि त्याच वेळी श्वास बाहेर पडत असला, की आवाज निघतो. पुरं भुंकायला जबडा उघडावा लागतो, छाती आणि पोट जोराने आवळावं लागतं. ते स्नायू बंद असतात. म्हणून ‘भो’चा ‘वुफ्’ होतो आणि गुरगुरणं घशातल्या घशात राहतं.

हा बंदोबस्त काढून टाकला तर काय होईल, हे फ्रान्समधल्या लिओं शहरात मिशेल जुव्हे यांनी 1960 च्या दशकात पाहिलं. त्यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातला तो छोटा भाग निकामी केला. ती मांजरं नेहमीसारखी झोपत, पण रेम झोप आली की उठून उभी राहत, दबा धरत, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घालत. खऱ्या वस्तू समोर धरल्या तरी त्यांचं लक्ष जात नसे. जिवंत जनावराच्या मेंदूवरचा हा प्रयोग वाचतानाही अंगावर काटा येतो. पण शरीर हलत नसताना मेंदूत काय चाललेलं असतं, हे त्यातून पहिल्यांदा उघड झालं.

याच्या उलट प्रकारही आहे आणि तो थेट कुत्र्यांतलाच आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डिमेंट यांनी 1970 च्या दशकापासून डोबरमन आणि इतर जातींची काही कुत्री सांभाळली होती. आवडतं खाणं दिसलं, खेळायला सोबती मिळाला, आनंद झाला की ही कुत्री जागेपणीच लुळी होऊन कोसळत आणि थोड्या वेळाने उठत. रेम झोपेतला बंदोबस्त त्यांच्यात भलत्या वेळी लागू होत होता. या आजाराला नार्कोलेप्सी म्हणतात. 1999 साली त्याच विद्यापीठात एमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने त्याचं कारण असलेला जनुकातला दोष शोधला. मेंदूतलं हायपोक्रेटिन नावाचं रसायन ज्या पेशींनी ओळखायचं, त्या पेशींवरची जोडणीच बिघडलेली होती. लगोलग हेही कळलं की माणसाच्या नार्कोलेप्सीतही हेच रसायन कमी पडतं. माणसाच्या एका अवघड आजाराचं मूळ कुत्र्यांनी दाखवून दिलं.

४. ते स्वप्नच कशावरून?

झोपेत भुंकणाऱ्या कुत्र्याकडे पाहून माणसाने फार पूर्वीच निष्कर्ष काढला होता. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने लिहून ठेवलं आहे की कुत्र्यांना स्वप्नं पडतात हे त्यांच्या झोपेतल्या भुंकण्यावरून दिसतं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या ल्युक्रीशस या रोमन कवीने शिकारी कुत्री झोपेत पाय झाडतात, वास काढल्यासारखी हवा हुंगतात आणि जाग आल्यावरही क्षणभर नसलेल्या हरणांमागे धावतात, असं वर्णन केलं आहे. चार्ल्स डार्विननेही 1871 च्या आपल्या ग्रंथात कुत्री, मांजरं, घोडे आणि पक्षी यांना स्वप्नं पडतात असं म्हटलं आणि त्यांच्या झोपेतल्या हालचाली व आवाज यांचाच आधार दिला.

पण नुसत्या हालचालीवरून स्वप्न ठरवण्यात एक अडचण आहे. कुत्रीचं नवजात पिल्लू घ्या. पहिले दहा-चौदा दिवस त्याचे डोळेच उघडलेले नसतात. पळणं, पाठलाग, भांडण यातलं काहीच त्याने अनुभवलेलं नसतं. तरी ते झोपेत मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त हलतं, चिवचिवतं, पाय झाडतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मार्क ब्लुमबर्ग यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांवर केलेल्या कामातून याचा वेगळा अर्थ पुढे आला. झोपेत एक पाय हलला की तो हलल्याची खबर मेंदूकडे जाते. कोणता हुकूम कोणत्या अवयवाला हलवतो, हे वाढता मेंदू अशा झटक्यांतून शिकत असतो. म्हणजे प्रत्येक झटक्यामागे गोष्ट असतेच असं नाही.

मग मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात अनुभव खरोखर पुन्हा चालतो, हे म्हणायला काय आधार? इथे उंदीर मदतीला येतात.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. जागांची आणि प्रसंगांची आठवण तयार करणं हे त्याचं मोठं काम. जॉन ओकीफ यांनी 1971 साली दाखवलं की उंदराच्या या भागातल्या काही पेशी उंदीर एका ठराविक जागी आला की चेततात, दुसरीकडे शांत राहतात. याच कामासाठी पुढे 2014 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. समजा, वाटेवर क, ख, ग, घ अशा चार जागा आहेत आणि प्रत्येक जागेची एक पेशी आहे. उंदीर धावत गेला की पेशी क-ख-ग-घ या क्रमाने चेततील. नुसता पेशींचा क्रम वाचूनही उंदीर कुठून कुठे गेला हे सांगता येईल.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी 2001 साली नेमकं हेच वाचलं, पण उंदीर झोपलेले असताना. दिवसा उंदीर गोल वाटेवर खाण्यासाठी धावले होते. नंतरच्या रेम झोपेत त्याच पेशी त्याच क्रमाने, जवळपास धावतानाच्याच गतीने चेतल्या. या क्षणी उंदीर वाटेवर कुठे असता आणि तो पळत असता की थांबलेला, हेही संशोधकांना सांगता आलं. त्याच्या आदल्या वर्षी शिकागोमध्ये अमिश दवे आणि डॅनियल मार्गोलियाश यांनी झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत असंच काही पाहिलं होतं. झोपलेल्या पक्ष्याच्या मेंदूत दिवसा गायलेल्या गाण्याचा नमुना पुन्हा उमटत होता.

कुत्र्याला झोपेतून उठवून ‘काय पाहिलंस?’ असं विचारता येत नाही. पण ज्याचा मेंदू कुत्र्याच्या मेंदूपेक्षा कितीतरी लहान आहे, तो उंदीर दिवसाचा अनुभव झोपेत पुन्हा चालवतो. कुत्र्याकडे तोच हिप्पोकॅम्पस आहे, तीच रेम झोप आहे, तोच स्नायूंचा बंदोबस्त आहे. एवढं सगळं सारखं असताना कुत्र्याला स्वप्नं पडत नाहीत असं म्हणणाऱ्यालाच आता कारण द्यावं लागेल.

५. कुत्र्याची प्रयोगशाळेतली दुपार

कुत्र्याच्या झोपेचा सगळ्यात प्रेमळ अभ्यास हंगेरीत, बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठात चालतो. 1994 पासून तिथे घरोघरची पाळीव कुत्री बोलावून त्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा एक गट आहे. झोपेचा प्रयोग असा: मालक कुत्र्याला घेऊन येतो, खोलीत गादी असते, मालक शेजारीच बसतो. कुत्र्याच्या डोक्यावर मलमाने छोटी बटणं चिकटवतात. केस भादरायचे नाहीत, सुई नाही, बांधणं नाही. थोड्या वेळाने कुत्रा आपसूक झोपतो आणि मेंदूच्या लहरी नोंदल्या जातात.

2017 साली या गटाच्या अ‍ॅना किस आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांना ‘बस’ आणि ‘आडवा हो’ हे हुकूम हंगेरियन भाषेत येत होतेच. तेच हुकूम त्यांना इंग्रजीत शिकवले आणि मग झोपू दिलं. नवीन काही शिकल्यानंतरच्या झोपेतल्या लहरी, काहीच न शिकता घेतलेल्या झोपेपेक्षा वेगळ्या निघाल्या. झोपेनंतर कुत्र्यांना ते हुकूम अधिक चांगले जमले. दिवसाचा धडा झोपेत पक्का होत होता.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. काही वेळा झोपण्याआधी कुत्र्याला गोंजारलं, त्याच्याशी खेळलं. काही वेळा मालक त्याला सोडून गेला, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, अनोळखी माणूस धाकाने जवळ आला. वाईट अनुभवानंतर कुत्री लवकर झोपली आणि त्यांच्या झोपेत रेमचं प्रमाण वाढलं. मनाला लागलेली गोष्ट कुत्र्याच्या झोपेत उतरते, हे त्यातून दिसतं.

स्वप्नात असेल तरी काय? जन्मापासून न दिसणाऱ्या माणसांच्या स्वप्नांत चित्रं नसतात. त्यात आवाज, स्पर्श, वास असतात. स्वप्न जागेपणीच्या अनुभवाच्या सामग्रीतूनच बनतं. कुत्र्याचं जग वासाचं आहे, म्हणून त्याच्या स्वप्नातही वासाला मोठी जागा असणार, असं म्हणायला हरकत नाही. पुढच्या वेळी झोपलेल्या कुत्र्याचे पाय पाहताना त्याच्या नाकपुड्यांकडेही लक्ष द्या.

६. झोपेचं साधं गणित

कुत्रा किती वेळ रेम झोपेत असतो? 1977 साली पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची चोवीस तास नोंद घेतली गेली. त्यात साधारण 44 टक्के वेळ कुत्री पूर्ण जागी होती, 21 टक्के वेळ डुलकीत, 23 टक्के संथ झोपेत आणि 12 टक्के रेम झोपेत. आता हिशेब करू. चोवीस तासांचे 12 टक्के म्हणजे 2.88 तास, म्हणजेच जवळपास दोन तास 50 मिनिटं. माणूस आठ तास झोपला आणि त्यातला पाचवा हिस्सा रेम धरला, तर त्याच्या वाट्याला सुमारे दीड तास येतो. रेमचा वेळ कुत्र्याच्या पदरात आपल्यापेक्षा जास्तच पडतो.

पण हा वेळ तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो. माणसाचं संथ झोप आणि रेम मिळून एक आवर्तन सुमारे 90 मिनिटांचं. कुत्र्यांच्या रात्रीच्या झोपेवर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात सरासरी 16 मिनिटं झोप आणि पाच मिनिटं जाग असा फेरा आढळला. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत आपल्याकडे श्वाननिद्रा सांगितली आहे, ती अशाच निरीक्षणातून आली असावी. तासाला तीनदा जाग येणारा प्राणी राखण करायला उत्तम. मात्र दर वेळी जाग आली की रेमचा तुकडा हुकण्याची शक्यता असते, म्हणून कुत्र्याला एकूण झोपेचा वेळ मोठा लागतो.

७. प्रत्येक आवाज स्वप्नाचा नसतो

आता वडिलांच्या शंकेकडे वळू, कारण ती कधी कधी खरी ठरते.

पहिला आवाज घोरण्याचा. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट जन्मतः अरुंद असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की ती आणखी दबते. इंग्लिश बुलडॉगमध्ये माणसासारखा झोपेत श्वास अडण्याचा विकार असतो, हे 1987 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नोंदलं गेलं. कुत्रा झोपेत घोरता घोरता श्वास थांबवत असेल आणि दचकून उठत असेल, तर त्याला स्वप्न समजून सोडून देऊ नका.

दुसरा आवाज रात्रीच्या रडण्याचा. गल्लीतलं कुत्रं मान वर करून लांब सूर काढतं, तेव्हा आपल्याकडे त्याला अपशकुन मानतात. तो आवाज जागेपणीचा आहे. दूरच्या कुत्र्यांना हाक, दुसऱ्याच्या हाकेला उत्तर, भोंग्याला प्रतिसाद किंवा एकटेपण, ही त्याची साधी कारणं आहेत. त्याला दगड मारून काही टळत नाही.

तिसरी गोष्ट आकडीची, म्हणजे फिटची. ती झोपेतही येऊ शकते, म्हणून गल्लत होते. ओळख अशी ठेवा. स्वप्नातले झटके हलके, तुटक आणि थोड्या सेकंदांचे असतात, अंग मऊ असतं, हाक मारली की कुत्रा उठतो आणि लगेच माणसं ओळखतो. आकडीत पाय ताठ होतात, झटके जोराचे आणि लागोपाठ येतात, जबडा आवळतो, लाळ गळते, कधी लघवी किंवा शी होते. हाकेला जाग येत नाही आणि शुद्ध आल्यावरही बराच वेळ कुत्रा गोंधळलेला, धडपडत फिरणारा दिसतो. अशा वेळी तोंडात हात घालू नका, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, घड्याळ पाहा आणि मोबाइलवर चित्रीकरण करून पशुवैद्यांना दाखवा. पाच मिनिटांच्या वर आकडी चालली तर थेट दवाखाना गाठायचा.

चौथी गोष्ट डिस्टेंपरची. लस न घेतलेल्या पिल्लांत हा आजार आपल्याकडे आजही दिसतो. ताप, नाका-डोळ्यांतून घाण आणि जुलाब यानंतर काही पिल्लांचा एखादा पाय किंवा जबडा ठरावीक लयीत उडत राहतो. हे उडणं जागेपणीही थांबत नाही आणि झोपेतही थांबत नाही. स्वप्नाचा झटका उठवताच जातो, हा मोठा फरक. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पशुवैद्यांच्या सल्ल्याने लसीकरण सुरू केलं तर हा आजार टाळता येतो.

क्वचित एखाद्या कुत्र्यात तिसऱ्या भागात सांगितलेला बंदोबस्तच कमजोर असतो. ते झोपेत जोराने पाय मारतं, चावा घेतं, भिंतीवर आदळतं. धनुर्वातातून बऱ्या झालेल्या काही कुत्र्यांतही हे आढळलं आहे. यावर औषधोपचार आहेत, म्हणून तेही डॉक्टरांना दाखवावं.

८. उठवावं का?

आजीची माया खरी आहे, पण उत्तर ‘नको’ असं आहे. दबकं भुंकणं, कुईंकुईं, हलते पंजे यात कुत्र्याला त्रास होत असल्याची खूण नसते. घाबरवणारं स्वप्न असलं तरी ते काही सेकंदांत सरतं. उलट रेम झोपेतून कोणी हलवून उठवलं, तर कुत्रा क्षणभर कुठे आहे हे न कळून चावू शकतो. यात त्याचा स्वभाव वाईट नसतो. लहान मुलांना हे आवर्जून शिकवावं: झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर हात टाकायचा नाही, त्याला मिठी मारायची नाही. उठवायलाच हवं असेल तर चार पावलं लांब उभं राहून शांतपणे नावाने हाक मारायची. रस्त्यावरच्या झोपलेल्या कुत्र्याजवळून जातानाही त्याला ओलांडून न जाता बाजूने जावं.

तरीही चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावं. हळद, चुना, मिरची असं काही जखमेत भरू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून इथे एका दिवसाचीही ढिलाई चालत नाही.

आता कुत्र्याच्या बाजूने एक मागणं. कुत्रा दिवसभर पसरलेला असतो म्हणून आपण त्याला आळशी समजतो आणि येता-जाता उठवतो. वर पाहिलेले प्रयोग वेगळं सांगतात. सकाळी शिकवलेलं ‘बस’, नव्या पाहुण्याची ओळख, फिरायला गेल्यावर कळलेली नवी वाट, हे सगळं झोपेत जागेवर बसतं. ज्यांना कुत्र्याला काही शिकवायचं आहे, त्यांनी शिकवणीइतकाच वेळ शिकवणीनंतरच्या झोपेसाठी राखून ठेवावा. दुकानाच्या दारात, वर्दळीच्या रस्त्यालगत, रात्रभर झगझगीत दिव्याखाली आखूड साखळीने बांधलेल्या राखणीच्या कुत्र्याला ही झोप मिळत नाही. असा कुत्रा चिडका झाला, सांगितलेलं विसरू लागला, तर दोष त्याच्या बुद्धीवर ढकलू नये. साखळी लांब करावी, दिवसा काही तास तरी अंधारी, शांत जागा द्यावी आणि त्या वेळात त्याच्याकडून काही मागू नये. त्याला पाळताना आपण जे देणं लागतो, त्यात अन्न, पाणी आणि लस यांच्या बरोबरीने न मोडलेली झोपही धरायला हवी.